खाऱ्या जमिनीत पुन्हा सोयाबीन : तोहोकूच्या शेतकऱ्यांचा अनुभव

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, तोहोकू विभागात, ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यापाठोपाठ समुद्र जमिनीवर चालून आला. मृत व बेपत्ता माणसांची संख्या अठरा हजारांहून अधिक भरली. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातील अपघाताने साऱ्या जगाचे लक्ष तिकडे खेचले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्याच दिवशी आणखी एक हानी झाली. सरकारने त्या महिन्याअखेर केलेल्या अंदाजानुसार सहा प्रांतांतील मिळून सुमारे २३,६०० हेक्टर शेतजमीन समुद्राच्या पाण्याखाली गेली. त्यांपैकी सुमारे १५,००० हेक्टर एकट्या मियागी प्रांतात होती. त्या प्रांताच्या एकंदर शेतजमिनीत हे प्रमाण दर नऊ हेक्टरांमागे एक असे पडते.

या जमिनीवर पुन्हा पीक कसे उभे राहिले, विशेषतः सोयाबीनसारखे नाजूक पीक कसे परतले, आणि ते परतल्यानंतर त्या शेतात उभा राहिलेला माणूस कोण होता, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रश्न परक्या देशातील असला तरी तो परका नाही. नागपट्टिणम् ते सुंदरबन आणि कोकणची खाजणे या साऱ्या किनाऱ्यावर हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी उभा आहे.

भाताच्या शेतात सोयाबीन कसे आले

मियागी हा मुळात भाताचा प्रांत. सेंदाईचे मैदान म्हणजे सपाट, सखल, पाण्याने भरलेल्या खाचरांचा पट्टा. तरीही सोयाबीनच्या लागवडीत होक्काइदोखालोखाल मियागीचे नाव घेतले जाते. याचे एक कारण परंपरेत आहे. सेंदाईचा ‘मिसो’, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारा गोळा, दाते मासामुने या सरदाराच्या काळापासून, सतराव्या शतकापासून, प्रसिद्ध आहे. पण खरे कारण सरकारी धोरणात आहे. भाताचे उत्पादन गरजेपेक्षा जास्त होऊ लागल्यावर जपान सरकारने १९७० च्या सुमारास भाताखालील क्षेत्र कमी करण्याचे धोरण स्वीकारले. उत्पादनाची उद्दिष्टे ठरवून देण्याची ही पद्धत २०१८ साली संपली. या जवळजवळ अर्धशतकात शेतकऱ्यांना खाचराच्या काही भागात भाताऐवजी गहू, जव, सोयाबीन घ्यावे लागले. त्यासाठी सरकार अनुदान देत आले, कारण त्याविना हे पीक परवडत नव्हते.

परवडत का नव्हते, हेही पाहिले पाहिजे. जपानने सोयाबीनची आयात १९६१ साली खुली केली. अमेरिकेच्या विस्तीर्ण शेतांतून येणाऱ्या स्वस्त मालापुढे छोट्या शेतकऱ्याचे सोयाबीन टिकले नाही. मग जून १९७३ मध्ये अमेरिकेने आपल्या देशातील भाव आटोक्यात ठेवण्यासाठी सोयाबीनची निर्यात एकाएकी रोखली, तेव्हा जपानमध्ये टोफूचे भाव भडकले आणि परावलंबनाचा अर्थ घराघरांत कळला. एवढे होऊनही आज जपान आपल्या गरजेच्या नव्वद टक्क्यांहून अधिक सोयाबीन बाहेरून आणतो. देशात पिकणारे सोयाबीन मुख्यत्वे टोफू, नात्तो, मिसो अशा माणसांच्या खाण्यासाठी वापरले जाते. म्हणून मियागीतील सोयाबीनची शेते बुडाली, तेव्हा आकडा लहान असला तरी घाव वर्मी लागला होता.

मीठ जमिनीत काय करते

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. एका हेक्टरवर केवळ १० सेंटीमीटर पाणी उभे राहिले, तर ते १,००० घनमीटर भरते आणि त्यात सुमारे ३५ टन मीठ असते. त्यातले पुष्कळसे पाणी ओसरून परत जाते. परंतु जिथे निचरा तुंबला आहे, तिथे ते मुरते, आटते आणि मीठ मागे ठेवून जाते.

हे मीठ पिकाला तीन प्रकारांनी मारते. पहिला प्रकार तहानेचा. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी ओढून घेता येत नाही. शेत ओले दिसते आणि रोप मात्र तहानेने सुकते. दुसरा प्रकार विषाचा. सोडियम आणि विशेषतः क्लोराइड पानांत साठते, पानांच्या कडा करपतात. सोयाबीनच्या अनेक जाती क्लोराइडला मुळांतच अडवू शकत नाहीत, म्हणून हा मार त्यांना अधिक बसतो. शिवाय सोयाबीनचे बळ त्याच्या मुळांवरील गाठींत असते. त्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. खाऱ्या मातीत गाठी नीट धरत नाहीत, आणि गाठी नसलेले सोयाबीन पिवळे पडून खुरटते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण तो मीठ धुऊन निघाल्यावर दिसू लागतो. चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम धरून ठेवते. त्यामुळे मातीचे रवे बनतात, त्यांच्या फटींतून हवा आणि पाणी खेळते. समुद्राच्या पाण्यातील सोडियम या कॅल्शियमची जागा बळकावते. पाणी खारे असेपर्यंत हा बदल झाकलेला राहतो. पण पावसाने वरचे मीठ धुतले की सोडियमने भारलेले कण एकमेकांपासून सुटतात, माती चिखलासारखी विरघळते आणि वाळल्यावर तिच्यावर घट्ट पापुद्रा धरतो. पाणी वर साचते, खाली जात नाही. सांगली-कोल्हापूरचा शेतकरी अशा जमिनीला ‘चोपण’ म्हणतो. म्हणूनच केवळ गोड पाणी सोडून भागत नाही. आधी किंवा बरोबरीने कॅल्शियम द्यावे लागते. त्यासाठी जिप्सम वापरतात. माती आम्ल असेल तर चुनखडीही चालते. कॅल्शियम सोडियमला त्याच्या जागेवरून हुसकते, आणि हुसकलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जातो. मात्र त्याला वाहून जायला वाट हवी. साऱ्या प्रश्नाची किल्ली या वाटेत आहे.

आधी पंप, मग पाणी

सेंदाईच्या मैदानात समुद्र काही ठिकाणी चार-पाच किलोमीटर आत आला. शहराच्या पूर्वेस उंच भरावावरून एक महामार्ग जातो. त्या भरावाने लाट बऱ्याच लांबीत अडवली, त्यामुळे समुद्राकडील शेते बुडाली आणि पश्चिमेकडील पुष्कळशी वाचली. बुडालेल्या भागात घरे, मोटारी, पाइनची उपटलेली झाडे, काचा, खिळे आणि समुद्रतळाचा काळा गाळ यांचा थर पसरला होता. भूकंपाने किनाऱ्याची जमीनही खचली होती. ओशिका द्वीपकल्पावर तर ती एक मीटरहून अधिक खाली गेली. आधीच समुद्रसपाटीच्या जवळ असलेली शेते त्यामुळे आणखी सखल झाली. अशा मैदानातले पाणी आपोआप समुद्रात जात नाही, ते पंपांनी उचलून टाकावे लागते. आणि हे पंप बसवलेली गृहे किनाऱ्यालगत असल्याने सर्वप्रथम तीच उद्ध्वस्त झाली होती.

यातून कामाचा क्रम ठरला. प्रथम तात्पुरते पंप बसवून साचलेले पाणी काढणे आणि चर मोकळे करणे. नंतर मलबा उचलणे. यंत्रांनी मोठे तुकडे उचलले, पण काचा आणि दगडगोटे माणसांना ओळीने चालत हातांनी वेचावे लागले. नंतर गाळ. थर जाड असेल तिथे तो खरवडून काढण्यात आला, पातळ असेल तिथे नांगरून मातीत मिसळण्यात आला. या गाळाचाही एक धोका होता. समुद्रतळाच्या गाळात गंधकयुक्त लोहखनिज असते. हवा लागली की त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि माती आम्ल होते. म्हणून गाळाची तपासणी केल्यावाचून तो मिसळणे धोक्याचे होते.

एवढे झाल्यावर मीठ धुण्याचे काम. शेतात कॅल्शियमयुक्त द्रव्य पसरायचे, नांगरायचे, बांध घालून गोडे पाणी भरायचे, ते मुरू द्यायचे आणि खालच्या निचऱ्याने बाहेर काढायचे. जिथे जमिनीखाली सच्छिद्र नळ घातलेले होते तिथे हे सोपे गेले. जिथे नव्हते तिथे यंत्राने जमिनीच्या पोटात गोल बोगद्यासारख्या वाटा पाडण्यात आल्या. नळांभोवती भाताचे तूस भरण्याची जपानी शेतकऱ्यांची रीत आहे. तुसातून पाणी झिरपते आणि माती अडते. क्षारयुक्त जमिनींच्या अभ्यासातून मिळालेला ढोबळ नियम असा आहे की जितक्या खोलीची माती धुवायची, तितक्या उंचीचे पाणी तिच्यातून गेले, तर विरघळणाऱ्या क्षारांपैकी सत्तर ते ऐंशी टक्के निघून जातात. पाणी नुसते वरून वाहिले, तर यातले फारसे काही घडत नाही.

येथे एक गोष्ट ठळकपणे दिसते. यांतील एकही पायरी एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाही. पंपगृह एकाचे नसते. मुख्य कालवा एकाचा नसतो. एकाने आपले शेत धुतले आणि शेजाऱ्याचे तसेच राहिले, तर शेजाऱ्याच्या शेतातले खारे पाणी त्याच्याकडे येते. मालकी तुकड्यातुकड्यांची असली तरी पाणी साऱ्या मैदानाचे एक असते. ज्या समाजव्यवस्थेत खाजगी मालकी हा सर्व अर्थव्यवहाराचा पाया मानला जातो, तेथेही निसर्गाने संकट आणताच सामूहिक कामाला पर्याय उरला नाही.

जपान सरकारला हे मान्य करावे लागले. मे २०११ मध्ये विशेष कायदा करून मीठ धुण्याच्या कामाला जमीनसुधारणेच्या सार्वजनिक कामाचा दर्जा देण्यात आला आणि त्याच्या खर्चाचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा राष्ट्रीय सरकारने उचलला. त्याखेरीज गावोगाव शेतकऱ्यांचे पुनरुज्जीवन संघ उभे राहिले. मलबा वेचणे, तण काढणे, चर साफ करणे ही कामे सामुदायिकरीत्या करणाऱ्या शेतकऱ्यांना खाचराच्या दर ०.१ हेक्टरमागे ३५,००० येन देण्यात आले. हा पैसा भिक्षा म्हणून नव्हे, तर कामाचा मोबदला म्हणून मिळाला. पीक नसलेल्या काळात घर चालले आणि शेतकरी जमिनीपासून तुटला नाही, हे या योजनेचे खरे यश.

आधी भात, मागाहून सोयाबीन

मीठ पुरेसे कमी झाल्यावर पहिले पीक बहुधा भाताचे घेण्यात आले. याला शास्त्रीय आधार आहे. मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ साली पिकांच्या क्षार सोसण्याच्या मर्यादांचा तक्ता मांडला. मातीच्या द्रावाची विद्युत्‌वाहकता डेसिसिमेन्स या एककात मोजतात. भाताची मर्यादा ३ आहे आणि त्यापुढे प्रत्येक एककाला १२ टक्के उत्पन्न घटते. सोयाबीनची मर्यादा ५ आहे, पण ती ओलांडली की प्रत्येक एककाला २० टक्के उत्पन्न जाते. याचा अर्थ असा की ७.५ ला पोहोचेतो सोयाबीनचे निम्मे पीक गेलेले असते. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे अंतर किती कापायचे होते याची कल्पना येते.

तक्त्यावरून पाहता सोयाबीन सुरुवातीला अधिक सोशिक दिसेल. तरीही प्रत्यक्ष शेतात भात आधी आला, कारण भाताचे खाचर हीच मीठ धुण्याची जागा असते. पाणी महिनोन् महिने उभे राहते, मुरते आणि मीठ खाली ढकलत राहते. सोयाबीनला मात्र उघडी, भुसभुशीत, हवा खेळणारी माती लागते. जूनच्या सुमारास पेरलेले पीक उन्हाळ्यात वाढते. वर ऊन तापते, मातीतून पाणी वर ओढले जाते आणि खाली गेलेले मीठ त्याच्याबरोबर पुन्हा मुळांपर्यंत येते. शिवाय पाऊस पडून पाणी तुंबले तर मुळांचा श्वास कोंडतो आणि गाठी मरतात. अशा रीतीने सोयाबीन ही निचऱ्याची कसोटी ठरते. भात आला म्हणजे मीठ गेले एवढेच कळते, पण सोयाबीन आले म्हणजे जमीन सावरली असे म्हणता येते.

पुष्कळ शेतांत ही कसोटी लवकर उतरली नाही. गाळाबरोबर पिढ्यान् पिढ्या कमावलेली वरची सुपीक माती खरवडली गेली होती. काही ठिकाणी तिच्या जागी डोंगरातली मुरमाड माती आणून टाकावी लागली. तीत सेंद्रिय द्रव्य नाही, नत्र नाही, उलट दगड आहेत. मलबा उचलणाऱ्या अवजड यंत्रांच्या चाकांखाली जमीन खोलवर दाबली गेली होती. मीठ गेले, पण कस परतला नव्हता. तो आणण्यासाठी शेणखत, कंपोस्ट, हिरवळीची खते आणि पीकफेर यांचा आधार घ्यावा लागला. नातोरी येथे जपानच्या राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने २०१२ नंतर कोरड्या रानात पेरलेला भात, मग गहू, मग सोयाबीन अशी दोन वर्षांत तीन पिकांची फेर मोठ्या शेतांवर करून पाहिली. चिखलणी टाळल्यामुळे मातीचा रवा टिकतो आणि पुढच्या सोयाबीनला निचरा मिळतो, हा त्यामागचा विचार होता.

दरम्यानच्या काळात इतर पिकांचेही प्रयोग झाले. तोहोकू विद्यापीठाकडे मोहरीवर्गीय वनस्पतींच्या बियांचा मोठा संग्रह होता. त्यातून क्षार सोसणारे वाण निवडून खाऱ्या शेतांत लावण्यात आले. सेंदाईच्या आराहामा भागात व नातोरी येथे २०११ साली कापूस लावण्यात आला. कापूस सोयाबीनपेक्षा बराच अधिक क्षार सोसतो, हे खरे. पण तोहोकूच्या थंड हवेत त्याचा जम बसणे कठीण होते. विदर्भाच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. अशा पिकांनी शेत पडीक ठेवले नाही आणि लोकांची उमेद टिकवली, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. जमीन सावरण्याचे मुख्य काम मात्र निचरा, कॅल्शियम आणि पाणी यांनीच केले.

फुकुशिमा प्रांताची स्थिती निराळी होती. तेथे मिठाबरोबर किरणोत्सर्गी सीझियमचा प्रश्न होता आणि सोयाबीन हे पीक भातापेक्षा सीझियम अधिक शोषते. एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नपदार्थांसाठी किलोमागे १०० बेकरेलची मर्यादा लागू झाली. मातीत पालाश भरपूर असेल तर पीक सीझियम कमी घेते, म्हणून पालाशयुक्त खत देऊन आणि माल तपासूनच सोयाबीन बाजारात येऊ लागले.

बियाण्यातील संशोधन

सोयाबीनच्या सर्व जाती मिठापुढे सारख्या दुबळ्या नसतात. काही जाती क्लोराइड मुळांतच अडवतात, हे १९६० च्या दशकातच ध्यानात आले होते. चीनमधील दोन संशोधकगटांनी २०१४ साली त्यामागचे जनुक शोधले. एका गटाला ते रानटी सोयाबीनमध्ये गवसले, दुसऱ्याला चिनी लागवडीच्या जातीत. जपानच्या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन केंद्राने २०१६ साली ब्राझीलच्या ‘एफटी-अब्यारा’ या जातीवरून तेच जनुक ओळखले आणि ते असलेली रोपे खाऱ्या शेतात न असलेल्यांपेक्षा अधिक पिकतात, हे दाखवून दिले. एक रानटी वेल, एक चिनी वाण, एक ब्राझिलियन वाण! शेतकऱ्यांनी आणि निसर्गाने शतकानुशतके जपलेली ही संपत्ती कोणा एका कंपनीच्या पेटंटात कोंडली जाता कामा नये, हा धडा याच संशोधनातून मिळतो. पण बियाण्याकडून चमत्काराची अपेक्षा करणेही चूक आहे. क्षार सोसणारे बी हानी कमी करते, तुंबलेले पंपगृह ते चालू करू शकत नाही.

जमीन परतली, शेतकरी किती परतले?

सरकारने सुमारे तीन वर्षांत जमीन लागवडीस आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१४ पर्यंत सुमारे सत्तर टक्के, आणि दहा वर्षांनंतर, इतर वापराकडे वळवलेली जमीन वगळता, नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन पुन्हा पेरणीयोग्य झाली. जमीनसुधारणेच्या इतिहासात ही कामगिरी निश्चितच मोठी आहे. ती करणाऱ्या शेतकऱ्यांचे, कामगारांचे आणि शास्त्रज्ञांचे श्रेय कोणी नाकारू नये.

परंतु नव्वद टक्के जमीन परतली याचा अर्थ नव्वद टक्के शेतकरी परतले असा होत नाही. ट्रॅक्टर, कापणीयंत्रे, वाळवणगृहे, कोठारे लाटेने नेली होती. जुन्या यंत्रांचे कर्ज डोक्यावर होते आणि नव्यांसाठी पुन्हा कर्ज काढायचे होते. या ‘दुहेरी कर्जा’ची चर्चा त्या वेळी जपानभर झाली. जपानच्या शेतकऱ्याचे सरासरी वय २०१० सालीच पासष्टच्या पुढे होते. सत्तरीतल्या माणसाने नवे कर्ज काढून तीन वर्षे वाट पाहावी, ही अपेक्षाच निर्दय होती. पुष्कळांनी जमीन भाड्याने दिली आणि शेती सोडली. पूर्वी ०.१ ते ०.३ हेक्टरची असलेली खाचरे जोडून अर्ध्या ते एक हेक्टरचे सलग तुकडे करण्यात आले. ते मोठ्या यंत्रांना सोयीचे आहेत, सोयाबीनच्या निचऱ्यालाही सोयीचे आहेत. पण त्यांवर काम करणारे हात पूर्वीपेक्षा थोडे आहेत.

येथे भेद नीट समजून घेतला पाहिजे. काही ठिकाणी गावच्या शेतकऱ्यांनी स्वतःच एकत्र येऊन सामुदायिक शेतीसंस्था उभारल्या, यंत्रे समाईक घेतली, भात-गहू-सोयाबीनची फेर एकत्रित आखली. ज्यांचे वय झाले त्यांची जमीन त्याच संस्थेकडे राहिली आणि उत्पन्न गावातच राहिले. हा मार्ग स्वागतार्ह आहे. सोयाबीनसारखे पीक तुकड्या-तुकड्यांनी घेता येत नाही, ते सलग क्षेत्रावरच जमते, हेही त्यांच्या बाजूने बोलते. दुसऱ्या बाजूस, भांडवलाला शेतीची दारे उघडण्याचा प्रवाह २००९ च्या शेतजमीन कायद्यातील दुरुस्तीपासूनच चालू होता. त्या दुरुस्तीने कंपन्यांना शेतजमीन भाड्याने घेणे सुलभ झाले. आपत्तीनंतर या प्रवाहाला वेग देण्याची भाषा सुरू झाली. मियागीतच, मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा विरोध असताना, मासेमारीच्या हक्कांत खाजगी कंपनीला शिरकाव देणारे विशेष क्षेत्र निर्माण करण्यात आले. जनतेच्या पैशाने धुतलेली जमीन आणि सावरलेला किनारा अखेर कोणाच्या ताब्यात जातो, हा प्रश्न त्यामुळे कल्पित राहत नाही.

या प्रश्नाला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जमीनसुधारणांत जपानमध्ये सुमारे १९ लाख हेक्टर जमीन जमीनदारांकडून कुळांकडे आली. ज्यांची नातवंडे २०११ साली काळ्या गाळातून काचा वेचत होती, त्यांपैकी पुष्कळांच्या आजोबांना ती जमीन अशी मिळालेली होती. एका पिढीने मिळवलेली जमीन समुद्राने एका तासात बुडवली. ती समुद्राकडून परत मिळवता आली. बाजाराकडून ती परत मिळवणे अधिक अवघड आहे.

आपल्या किनाऱ्यासाठी

आपल्याकडे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तमिळनाडूचा किनारा, विशेषतः नागपट्टिणम् जिल्हा, खारावला. तेथे जिप्सम, हिरवळीची खते आणि पुढच्या मोसमी पावसाने जमीन धुतली. २५ मे २००९ रोजी ‘आयला’ चक्रीवादळाने सुंदरबनातील मातीचे बांध फोडले. जिथे बांध वेळेवर बांधले गेले नाहीत, तिथे भरतीचे पाणी पुनःपुन्हा आत येत राहिले आणि माणसे मजुरीसाठी दूरच्या शहरांकडे गेली. कोकणात खारजमिनीचा शेतकरी ‘खांड गेली’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ हाच असतो. बांध फुटला, उघाडी निकामी झाली आणि वर्षाचे भात गेले. महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा कायदा १९७९ पासून आहे, पण बांधाची निगा हा अंदाजपत्रकातला शेवटचा विषय राहतो.

या जमिनींत सोयाबीन होत नाही. महाराष्ट्रात सोयाबीन पिकते ते विदर्भ-मराठवाड्यात आणि कृष्णाकाठी. मात्र कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापुरात समुद्र नसतानाही जमीन क्षारपड झाली, ती उसाला दिलेल्या बेसुमार पाण्याने. तेथे उपाय तोच आहे, म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र नळ आणि पाण्याला नाल्यापर्यंत समाईक वाट. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने एकत्र येऊन अशी निचऱ्याची कामे केली आहेत. एकाने नळ घातला आणि खालच्या शेतकऱ्याने वाट दिली नाही, तर पैसा मातीत जातो. सेंदाईत जे दिसले, तेच शिरोळात दिसते.

तेव्हा शेतकरी सभेच्या आणि शेतमजूर संघटनेच्या कार्यकर्त्यांनी या अनुभवातून तीन मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली : समुद्राच्या वा पुराच्या पाण्याने खारावलेली जमीन सावरणे हे सार्वजनिक काम मानले जावे. पीकनुकसानीची एकरकमी भरपाई देऊन सरकारने हात झटकू नयेत. बांध, उघाडी, पंप, चर, जिप्सम आणि मातीची तपासणी यांचा खर्च शासनाने उचलावा, आणि जमीन पेरणीयोग्य होईतो ती जबाबदारी संपू नये.

दुसरी : त्या काळात शेतकऱ्याला व शेतमजुराला जमिनीवरच काम आणि पूर्ण मजुरी मिळावी. मलबा उचलणे, बांध घालणे, चर खोदणे या कामांना रोजगार हमीत प्राधान्य असावे. भरपाई सातबारावर नाव असलेल्यालाच मिळते आणि बटाईने कसणारा रिकाम्या हातांनी राहतो, ही आपल्याकडची जुनी व्यथा आहे. प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद करून त्याला हक्क मिळालाच पाहिजे.

तिसरी : सार्वजनिक पैशाने सावरलेली जमीन कंपन्यांच्या हाती जाऊ नये. ज्यांना एकट्याने शेती झेपत नाही, त्यांच्यासाठी गावपातळीवरील सहकारी संस्था, समाईक यंत्रे आणि थकीत कर्जाची माफी हा मार्ग खुला ठेवावा.

तोहोकूच्या शेतकऱ्यांनी दाखवून दिले की समुद्राने टाकलेले मीठ धुता येते. त्याची रीत ज्ञात आहे, त्याचा हिशेब मांडता येतो आणि दहा वर्षांत सोयाबीनच्या शेंगा पुन्हा भरलेल्या पाहता येतात. त्या शेंगा कोणी तोडायच्या, हे मात्र जिप्समने किंवा पंपाने ठरत नाही. ते शेतकऱ्यांच्या संघटनेच्या बळावर ठरते. म्हणून पुढचे वादळ येण्याची वाट न पाहता आपापल्या तालुक्यातील बांध, उघाड्या आणि निचऱ्याचे नाले यांची पाहणी करणे, प्रत्यक्ष कसणाऱ्यांच्या याद्या तयार करणे आणि गावसभेत हा विषय मांडणे, हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी हाती घेतले पाहिजे.